पिशवी, अंडाशय आणि मेंदू : संप्रेरकांचा एक धडा



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी आणि पाचट यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय निराळा आहे. तो आमच्या डोक्यात कसा शिरला, ते आधी सांगतो.

पावसाळ्याच्या तोंडावर कोयनानगरला सभासदांचा मेळावा होता. लागणीचे आणि खताचे बोलून झाल्यावर आम्ही उसावरच्या संजीवक फवारणीची माहिती दिली. सभा संपली, लोक चहाला उठले, तेव्हा एक भगिनी पुढे आल्या. मालक मुंबईला माथाडी कामाला, इकडची शेती त्याच पाहतात. त्या म्हणाल्या, "साहेब, फवारणीचं समजलं. पण एक विचारू का? चौतिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. तवापासनं रातचं झोप नाही, अंगातनं वाफा निघत्यात आणि ध्यान राहत नाही. चुलीवर दूध ठेवून गोठ्यात जाते आणि विसरते. घरची म्हणत्यात, मनाचं खेळ हाईत. ह्याचा त्या ऑपरेशनाशी काही संबंध असतो का?"

आम्ही निरुत्तर झालो. आमची पदविका शेतीची. पण प्रश्न असा होता की, "आम्हाला ठाऊक नाही" म्हणून जीप चालू करून निघून जाणे बरे वाटले नाही. त्यानंतर जाणत्या डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. त्यातून जे पदरात पडले ते येथे मांडत आहोत. त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर "होय, संबंध असतो" असे आहे. तो कसा, हे समजून घेऊ.

संजीवक आणि संप्रेरक

उसाचा शेंडा मोडला की खालचे डोळे फुटतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. शेंड्यात एक द्रव्य तयार होते, ते खाली उतरते आणि डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला, द्रव्य थांबले, डोळे मोकळे झाले. वनस्पतीतील अशा द्रव्यांना आपण संजीवके म्हणतो. जिबरेलिक आम्ल हे त्यातलेच. एकराला ते ग्रॅममध्ये मोजून वापरावे लागते, आणि हात सैल सुटला तर फायद्याऐवजी नुकसान होते.

माणसाच्या आणि जनावराच्या शरीरात अशाच द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. ग्रंथीत तयार व्हायचे, रक्तात उतरायचे आणि दूरच्या अवयवाला हुकूम द्यायचा, हे त्यांचे काम. बाईच्या अंडाशयातून मुख्यतः इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, तर पुरुषाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन येते. प्रमाण किती? एका मिलिलिटर रक्तातले इस्ट्रोजेन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असते. पण एवढ्याशा मालावर शरीराचा मोठा कारभार चालतो.

ही संप्रेरके फक्त मूल होण्यापुरती आहेत असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. मेंदूच्या पेशींवरही त्यांना ओळखणारी जागा असते. कुलूप तिथे आहे म्हणूनच किल्ली तिथवर पोहोचते.

गोठ्यातला पुरावा

हे पटायला दूर जायला नको. खोंड बडवला की काही महिन्यांत त्याचा स्वभाव बदलतो. शिंगे रोखणारे जनावर मुकाट जुवाखाली मान देते. चिमटा लावला वृषणाच्या शिरेवर, बदलला मात्र डोक्यातला स्वभाव. हा संबंध जर्मनीतील बर्टहोल्ड यांनी १८४९ साली कोंबड्यांवर तपासला. वृषण काढलेला कोंबडा आरवत नाही, भांडत नाही, त्याचा तुरा वाढत नाही. पण वृषण काढून पोटात दुसऱ्या जागी बसवला, तर कोंबडा पुन्हा कोंबड्यासारखा वागतो. जुन्या नसा तुटलेल्या असूनही परिणाम झाला. म्हणजे निरोप रक्तातून जातो.

दुसरा पुरावा गाईचा. जुळ्यात गोऱ्हा आणि कालवड जन्मली, तर ती कालवड बहुधा गाभण राहत नाही, हे जुनी माणसे सांगतात. अमेरिकेतील लिली यांनी १९१७ साली याचा खुलासा केला. गर्भात दोघांचे रक्त एकमेकांत मिसळते आणि गोऱ्ह्याकडून आलेली द्रव्ये कालवडीची घडण बदलतात. तिसरा पुरावा १९५९ सालचा. गाभण गिनीपिगला टेस्टोस्टेरॉन टोचले, तेव्हा तिच्या पोटी आलेल्या माद्या मोठेपणी नरासारख्या वागू लागल्या. जन्माआधी मिळालेल्या संप्रेरकाचा ठसा मेंदूवर कायम राहिला.

वयाच्या पायऱ्या

ऊस उगवण, फुटवे, जोमदार वाढ आणि पक्वता अशा अवस्थांतून जातो. पाणी तेच, पण प्रत्येक अवस्थेत त्याचे काम वेगळे. संप्रेरकांचेही तसेच आहे.

१) गर्भावस्था : मुलाच्या वृषणातून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासूनच टेस्टोस्टेरॉन येऊ लागते आणि मेंदूच्या काही भागांची घडण ठरते. यावरून "मुलीचे डोके कमी" असे कोणी म्हणू लागला तर ते साफ खोटे आहे. बुद्धीचा आणि याचा संबंध नाही.

२) वयात येणे : या वयात संप्रेरकांचा पूर येतो आणि मेंदूची मांडामांड नव्याने होते. रागलोभाचा भाग आधी जोर धरतो, विचार करून आवर घालणारा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. चौदा-पंधरा वर्षांचे पोर उलट बोलते त्याला काही अंशी हेच कारण आहे. याच वयात मुलींमध्ये उदासी मुलांपेक्षा जास्त दिसू लागते. अशा वेळी मुलीची शाळा बंद करून तिचे लग्न उरकणे हा उपाय नव्हे.

३) तरुणपण आणि बाळंतपण : १९९० साली अमेरिकेत वुली आणि मॅकइवेन यांनी उंदरांच्या माद्यांवर काम केले. स्मरणशक्तीच्या भागात पेशींना बारीक काटे असतात, त्यांतून एक पेशी दुसरीशी जोडली जाते. मादीच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात हे काटे इस्ट्रोजेनबरोबर वाढतात आणि ते उतरले की सुमारे ३० टक्क्यांनी घटतात. बाळंतपणानंतर तर थोड्या दिवसांत ही संप्रेरके एकदम खाली येतात. भारतातील अनेक अभ्यासांचा २०१७ साली एकत्र हिशेब झाला, त्यात सुमारे २२ टक्के बाळंतिणींत उदासीनतेचा आजार आढळला. पाचांत एक. गरिबी, घरातला जाच आणि मुलगी झाल्याची नाराजी यांनी तो वाढतो. आपल्याकडे त्याला "बाहेरचे" म्हणून अंगारा लावतात आणि ती बाई आतल्या आत झुरते.

४) पाळी जाणे : आपल्या देशात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होते. त्याआधी काही वर्षे संप्रेरके वरखाली होत राहतात. अंगातून वाफा, तुटक झोप, चिडचिड, शब्द न आठवणे हे त्यामुळे घडते. बहुतेक बायांचा मेंदू कालांतराने नव्या परिस्थितीला जमवून घेतो. हा आजार नाही, पण त्रास खरा आहे. नाटक नव्हे.

५) पुरुष : पुरुषांचा दरवाजा एकदम बंद होत नाही. तिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला सुमारे एक टक्क्याने उतरत जाते. विशेष म्हणजे पुरुषाच्या मेंदूतही त्यातला काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलूनच काम करतो. पोट सुटणे, मधुमेह आणि दारू यांनी हा उतार वाढतो. आणखी एक. आपला भाग तालमींचा. काही पोरे लवकर अंग भरावे म्हणून टेस्टोस्टेरॉनसारखी इंजेक्शने घेतात. बाहेरून माल आला की शरीर स्वतःचा कारखाना बंद करते, वृषण आकसतात, डोके भडकते, आणि इंजेक्शन सोडल्यावर काही जण उदासीच्या खाईत जातात. वस्तादांनी याकडे लक्ष द्यावे.

दरवाजा एकदम बंद केला तर

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. आपण सरसकट "पिशवी काढली" म्हणतो, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. गर्भपिशवी ही मूल वाढण्याची जागा. तिच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. संप्रेरके तयार होतात ती अंडाशयात. नुसती पिशवी काढली तर अंडाशये काम करीत राहतात, मात्र ती काही वर्षे लवकर थकण्याचा संभव असतो. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर काही दिवसांतच इस्ट्रोजेन तळाला जाते.

नैसर्गिक रीतीने पाळी जाणे म्हणजे कालव्याचे आवर्तन हळूहळू कमी होणे. पिकाला सवय करून घ्यायला सवड मिळते. तरुण वयात दोन्ही अंडाशये काढणे म्हणजे उसाला फुटवे येत असताना दरवाजा एका दिवसात खाली टाकणे. पीक तेच, पण अवस्था नाजूक.

याचा मोठा अभ्यास अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रोका आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. १९५० ते १९८७ या काळात पाळी जाण्याआधी ज्यांचे एक किंवा दोन्ही अंडाशय काढले, अशा सुमारे दीड हजार बायांची तुलना त्यांनी तेवढ्याच इतर बायांशी केली. अंडाशय काढलेल्यांत पुढे स्मृती ढासळण्याचा किंवा स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दीडपट दिसला. शस्त्रक्रिया जेवढ्या लहान वयात, धोका तेवढा अधिक. धोका दीडपट याचा अर्थ प्रत्येकीला स्मृतिभ्रंश होतो असा नाही, बहुतेकींना होतही नाही. पण विनाकारण ओढवून घ्यावा असाही हा धोका नाही. हाडे ठिसूळ होणे आणि हृदयाचा धोका वाढणे हे वेगळेच.

गोष्ट आपल्याच फडातली

अमेरिकेतले आकडे सांगून आम्ही थांबलो असतो, तर अर्धेच बोललो असे झाले असते. कारण या विषयाची सर्वांत वाईट बाजू साखर धंद्याच्याच अंगणात आहे. आपल्या फडात बीडकडून कोयते येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात, हे २०१९ साली उघड झाले. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. पाहणी झाली ८२,३०९ बायांची. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सुमारे सहांत एक. देशपातळीवर २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांत हेच प्रमाण शंभरांत तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची वयाची मांडणी अगदी सारखी नसली, तरी एवढी तफावत डोळ्यांआड करता येत नाही.

हे का घडते? फडावरचे दिवस आठवा. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. पहाटे उठून फडात जायचे, वजनदार मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. त्यातून अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी आणि जंतुसंसर्ग सुरू होतो. साध्या गोळ्यांनी बरे होईल असे दुखणे असते, पण दिवस मोडला तर मुकादम खाडा लावतो आणि उचल फिटत नाही. लग्न लवकर झालेले, पंचविशीच्या आत मुले झालेली. कोणीतरी सांगते, "आता पिशवीचं काम काय? काढून टाक. नाहीतर कॅन्सर होईल." कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. ते कर्ज फेडायला पुन्हा उचल घ्यावी लागते.

पिशवी काढणे हा कधी कधी जीव वाचवणारा उपाय असतो. कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी यांत डॉक्टरांनी सांगितले तर ती काढलीच पाहिजे. आमचे म्हणणे विनाकारण काढण्याबद्दल आहे. केंद्र शासनाने २०२२ साली अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्व राज्यांनी त्या अमलात आणाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले. कागद तयार आहे. फडापर्यंत तो आपण न्यायचा आहे.

मग बाहेरून संप्रेरक घ्यावे काय?

येथे घाई नको. २००३ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरील ४,५३२ बायांच्या चाचणीचा निकाल आला. संप्रेरकांची जोडगोळी दिलेल्या गटात ४० जणींना, तर खोटी गोळी दिलेल्या गटात २१ जणींना स्मृतिभ्रंश झाला. संरक्षण तर नाहीच, धोका दुप्पट. मात्र तरुण वयात अंडाशये गेलेल्या बायांना पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरक देण्याचा सल्ला डॉक्टर सहसा देतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असा काही अडसर असेल तर देत नाहीत. हे विपरीत वाटेल, पण शेतकऱ्याला कळायला सोपे आहे. फुटव्याच्या वेळी पाण्याचा ताण बसला तर ऊस मार खातो, आणि तेच पाणी तोडणीच्या तोंडावर भरपूर दिले तर उतारा घसरतो. वेळ महत्त्वाची. तेव्हा दुकानातून आपल्या मनाने गोळी आणू नये आणि शेजारणीची गोळी घेऊ नये.

शिवाय संप्रेरक हे मेंदूच्या आरोग्याचे एकच अंग आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढील ७.४ टक्के लोकांत स्मृतिभ्रंश आढळला. तो पुरुषांपेक्षा बायांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. शाळा न शिकायला मिळणे हेही त्यामागचे एक मोठे कारण. म्हणून मुलीला शिकवणे हे तिच्या म्हातारपणातील मेंदूचेही बेणे आहे, असे समजा. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू-मिश्री सोडणे, कानाने कमी ऐकू आल्यास यंत्र लावणे, चालणे-फिरणे आणि चारचौघांत बसणे-उठणे याने पुष्कळ राखता येते. अंडाशये गेलेल्यांनी तर हे आवर्जून करावे.

सभासदांनी काय करावे

१) घरातील बाईला पिशवी काढण्यास सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचा, शक्यतो सरकारी रुग्णालयातील, सल्ला घ्या. तीन प्रश्न विचारा : आजार नेमका कोणता? औषधाने बरा होईल का? अंडाशये ठेवणार की काढणार?

२) शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवा. नेमके काय काढले ते त्यावर लिहिलेले असते.

३) आधीच शस्त्रक्रिया झालेल्या आणि त्रास असलेल्या बायांनी कागद घेऊन स्त्रीरोग डॉक्टरांकडे जावे. हाडे, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. मन फार खचत असेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

४) आपल्या फडावर टोळी उतरली की बायांसाठी आडोसा, पाणी आणि तात्पुरता संडास यांची सोय सभासदाने आणि गट कर्मचाऱ्याने मिळून पाहावी. चार पत्रे आणि एक बॅरल एवढेच लागते.

५) आशा कार्यकर्तीला टोळीचा पत्ता कळवा. बाई दुखण्याने एक दिवस बसली तर खाडा लावू नये, असे मुकादमाला सभासदाने स्वतः सांगावे. ऊस आपला आहे, आपला शब्द तो ऐकतो.

पुढच्या फेरीत आम्ही पुन्हा कोयनानगरला गेलो आणि ताईंना रुग्णालयाचे जुने कागद आणायला सांगितले. पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद त्यांनी उलगडला. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढल्याची नोंद त्यावर स्पष्ट होती. त्यांना तेव्हा फक्त "पिशवी" एवढेच सांगितले होते. नऊ वर्षे त्या स्वतःलाच बोल लावत होत्या. आता त्यांचे औषधपाणी आणि हाडांची तपासणी चालू आहे. गेलेले परत येणार नाही, पण झोप थोडी सुधारली आहे. त्या म्हणाल्या, "साहेब, मनाचं खेळ नव्हतं, एवढं कळलं तरी अर्धं दुखणं गेलं."

सभासदांनो, जमिनीचा नमुना तपासल्याशिवाय खत घालू नका, असे आम्ही वीस वर्षे सांगत आलो. घरच्या आणि फडावरच्या बायांच्या शरीराबाबत तेवढीच खबरदारी घेतली, तर हा धडा सार्थकी लागला असे आम्ही समजू.

— ऊस विकास अधिकारी